वाचकांचे प्रश्न : सोडायचे कोणी आणि किती?

प्रश्न : आमच्या शिवारातील काही शेतकऱ्यांनी मिळून सामायिक विहीर खोदली. पाऊस कमी झाल्यावर सर्वांनी उसाचे क्षेत्र निम्म्यावर आणायचे, असे तोंडी ठरले. मी आणि आणखी दोघांनी ते पाळले. ज्यांची जमीन सर्वांत जास्त, त्यांनी मात्र लागण वाढवली आणि उन्हाळ्यात माझी पाळी येईपर्यंत विहीर तळाला गेली. मीच का सोडावे?
– एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण एकट्याने सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकट्याने सोडलेल्या पाण्याने विहीर वाचत नाही. ते शेजाऱ्याच्या उसाला जाते आणि पुढच्या वर्षी सोडणाऱ्यांची संख्या आणखी घटते. आपल्याकडे त्यागाची हाक बहुधा अशा रीतीने दिली जाते की, ज्याच्यापाशी थोडे आहे त्याचे मन आधी द्रवते आणि ज्याच्यापाशी पुष्कळ आहे त्याला सवड मिळते.

पुरंदर तालुक्यातील नायगावचा पाणीपंचायतीचा प्रयोग आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. विलासराव साळुंखे हे पुण्यातील कारखानदार आणि व्यवसायाने अभियंते. 1972च्या दुष्काळात गावोगावचे शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर आलेले त्यांनी पाहिले आणि नायगावच्या देवस्थानची पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तेथे पाणी अडवण्याचे काम सुरू केले. पाणी अडवणे हा त्यातला सोपा भाग होता. अडवलेले पाणी कोणाला, या प्रश्नावर त्यांनी दिलेले उत्तर त्या काळी, आणि खरे तर आजही, धक्का देणारे होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवायचा : माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी. उरलेली जमीन कोरडवाहू राहील. भूमिहीनालाही पाण्यात वाटा मिळेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस कोणीच लावणार नाही. योजनेच्या खर्चापैकी 20 टक्के रक्कम लाभधारकांनी स्वतः उभी करायची आणि पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी गटानेच नेमायचा.

या नियमांत सर्वांत मोठा घास कोणाच्या तोंडचा गेला, ते पाहावे. अडीच एकरवाल्याचे काहीच गेले नाही. वीस एकरवाल्याने साडेसतरा एकर भिजवण्याची आशा सोडली. उसाची बंदी सर्वांना सारखीच असल्यामुळे शेजाऱ्याच्या बांधाकडे संशयाने पाहण्याचे कारण उरले नाही, कारण ऊस काही लपवून लावता येत नाही. साळुंखे यांच्या नियमांतील ही चतुराई मला त्यांच्या सद्भावनेइतकीच महत्त्वाची वाटते. त्या योजनांपैकी कित्येक पुढे बंद पडल्या, हेही खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही; पण जेथे त्या चालल्या, तेथे माणसे अधिक सज्जन होती म्हणून नव्हे, तर मोडलेला नियम लगेच दिसत होता म्हणून चालल्या. अर्थशास्त्राचे 2009चे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी निरनिराळ्या देशांतील सामायिक पाणी, कुरणे आणि मासेमारी यांचा अभ्यास करून हेच दाखवले होते : देखरेख वापरणाऱ्यांचीच हवी, आणि पहिल्या चुकीला दंड हलका, पुढच्या चुकीला जड असावा.

म्हणून यंदा लागणीचा हंगाम येण्यापूर्वी सर्वांनी मिळून विहिरीची पाणीपातळी मोजावी, त्यावरून प्रत्येकाचे भिजणारे क्षेत्र ठरवावे आणि ते सह्यांनिशी लिहून ठेवावे. मोठ्या खातेदाराची सही सर्वांत आधी घ्यावी. तो तयार नसेल, तर आपणही आपले क्षेत्र कमी करण्याचे वचन देऊ नये.

प्रश्न : सहकारी साखर कारखान्यांसाठी आमच्या आजोबांच्या पिढीने ऊसबिलातून कपात सोसली. मग तेच कारखाने लिलावात का गेले? माणसाचा स्वार्थच शेवटी जिंकतो, असे समजावे काय?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : कपात सोसणारे आणि निर्णय घेणारे वेगळे झाले, एवढेच समजावे. प्रवरानगरचा कारखाना 1950च्या सुमारास उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले आणि अध्यक्षपदी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना बसवले. आपल्याच भागातला माणूस खुर्चीवर हवा, हा मोह तेव्हा आवरला गेला. ही गोष्ट मला कारखान्याच्या यंत्रांपेक्षा मोठी वाटते. पुढे कारखाने वाढले, त्यांत शासनाचे भागभांडवल आले, कर्जांना शासनाची हमी मिळाली आणि संचालकपद ही आमदारकीची पायरी झाली. कारखाना तोट्यात गेला तर संचालकाचे फारसे बिघडत नव्हते. बिघडत होते ते सभासदाच्या ठेवीचे आणि थकलेल्या ऊसबिलाचे. ‘एक सभासद, एक मत’ हा नियम कागदावर तसाच राहिला, परंतु वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारणाऱ्याचा ऊस वेळेवर तोडला जाईल की नाही, याची धास्ती असेल, तर त्या मताला किंमत किती? आपल्या आजोबांचा त्याग फुकट गेला असे मी म्हणणार नाही, कारण त्यातून शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये उभी राहिली. पण त्या त्यागावर हिशेब मागण्याचा हक्क त्यांच्या हातून निसटला.

प्रश्न : गावाच्या ऐक्यासाठी ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करावी, असा आग्रह आमच्याकडे चालू आहे. हा राजकीय त्यागच नव्हे काय?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : कधी असतो, कधी नसतो. हिवरे बाजारात 1989च्या अखेरीस गावाने एकमताने पोपटराव पवार यांच्याकडे कारभार सोपवला आणि त्यानंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेलची बंदी असे सर्वांना जड जाणारे नियम गावाने स्वीकारले; तेथे एकमताची किंमत सगळ्यांनी मोजली. उलट, आपल्याच जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी येथे पदांसाठी बोली लागल्याचे उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021मध्ये तेथील निवडणुकाच रद्द केल्या. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी म्हणून लागलेली बोलीसुद्धा बोलीच असते, आणि ती लावू न शकणाऱ्या मतदाराचा हक्क तिच्यात परस्पर विकला जातो. आपल्या गावात कोण माघार घेणार आहे, कशाच्या बदल्यात घेणार आहे आणि महिला व राखीव जागांवरच्या इच्छुकांना कोणी विचारले आहे काय, हे ग्रामसभेत उघडपणे सांगितले जावे, असा आग्रह धरावा. ते सांगण्यास कोणी कचरत असेल, तर मतदान होऊ द्यावे.