रेल्वे रुळांचे जोड आणखी मजबूत कसे डिझाइन करता येतील?

तुम्ही खाली लिहिलंय की मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्ट म्हणून फिशप्लेट, म्हणजे दोन रुळांची टोकं बोल्टांनी जोडणारी पट्टी, जाड करून चारऐवजी आठ बोल्ट लावायचा विचार आहे, आणि एवढं केलं तर थंडीत रूळ तुटल्याच्या बातम्या थांबतील का. नाही थांबणार. आठ बोल्टांनी उलट वाढतील. आणि थंडीत जे तुटतं तो बहुतेक वेळा फिशप्लेटचा जोड नसतोच, वेल्ड असतो नाहीतर रूळच असतो.

मी पी-वेमध्ये नोकरी केली, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी एवढंच आयुष्य. आता रिटायर झालोय. एरवी इथे फक्त वाचतो, पण ‘जोडाचं डिझाइनच कमजोर आहे’ हे वाक्य मी एका चौकशीत समोरासमोर ऐकलंय आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी बोल्टांचं संपवतो. रुळाच्या वेबमध्ये, म्हणजे डोकं आणि पाय यांच्यामधल्या उभ्या भागात, पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे तडा सुरू व्हायला एक जागा. चाक एका रुळाच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकावर येतं तेव्हा तो दणका टोकाजवळच्या पहिल्या भोकाच्या काठावर जातो आणि तिथून तिरपे तडे निघतात, त्याला स्टार क्रॅक म्हणतात. म्हणूनच भोकाच्या कडा चॅम्फर करून घेतात. तुम्ही भोकं दुप्पट करणार म्हणजे नक्की काय मिळवणार? जाड प्लेटचंही तेच. प्लेट वेबला टेकत नाही, वर रुळाच्या डोक्याखाली आणि खाली पायावर अशा दोन उतरत्या पृष्ठांवर ती पाचर म्हणून बसते आणि ती पृष्ठं झिजली की प्लेट दुप्पट जाड असली तरी सैलच. त्यात या जोडाने सरकलंही पाहिजे. १३ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकाला साधारण ६ मिलिमीटर वाढतो, आणि बोल्ट करकचून आवळल्यामुळे किंवा गंजामुळे जोड जाम झाला तर मे महिन्यात तोच रूळ आडवा फुगतो आणि गाडी खाली उतरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या काळात रुळांची देखभाल करणारी गँग फिशप्लेटा उघडून प्लंबेगो (ग्राफाइट) आणि केरोसीनचं वंगण लावते ते यासाठीच. विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्सने १८४७ मध्ये फिशप्लेटचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. ती वाईट नाही पण तिची देखभाल रोजची आहे. फ्रान्समध्ये ब्रेतिनी-सुर-ओर्ज स्टेशनात १२ जुलै २०१३ ला गाडी घसरून सात माणसं गेली, तिथे फिशप्लेटच आपल्या जागेवरून फिरून रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या खाचेत अडकली होती. बोल्ट सैल, तडे गेलेले. प्लेट बारीक होती असं कोणी म्हटलं नाही.

आता वेल्डकडे येतो, कारण माझं दुखणं तिथे आहे.

डिव्हिजनचं नाव सांगत नाही. मी तेव्हा ज्युनियर इंजिनिअर होतो, एका वळणावर रूळ बदलल्यावर दोन टोकं अ‍ॅल्युमिनो-थर्मिक वेल्डने, म्हणजे थर्मिटने धातू वितळवून फटीत ओतून, जोडायची होती, रूळ मीटरला ६० किलोचे. वेल्डर माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा, सगळी गँग त्याला मामा म्हणायची, मीही मामाच म्हणायचो. ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवून कामाला मिळणारा वेळ, दीड तासाचा मागितलेला. मागची मालगाडी लेट झाली आणि हातात आला पाऊण तास, तोही फोनवर ‘जमवा हो’ म्हणून. ज्यांनी हे काम केलंय त्यांना पाऊण तासाचा अर्थ सांगायला नको, पण तुमच्यासाठी सांगतो. २५ मिलिमीटरची गॅप मोजायची, टोकं केरोसीन आणि वायरब्रशने साफ करायची, पाचरी मारून दोन्ही रूळ सरळ धरायचे आणि टोकं किंचित उंच ठेवायची कारण थंड होताना वेल्ड वरच्या बाजूला जास्त आकसतो आणि सांधा बसतो. मग मोल्ड म्हणजे साचा बांधायचा, त्याच्या फटी बुजवायला लुटिंगची माती भरायची, एवढी की धातू कुठून बाहेर पडता कामा नये. मग प्रीहीटिंग. पेट्रोल आणि दाबाच्या हवेच्या बर्नरला दहा-बारा मिनिटं लागतात, रुळाची टोकं ६०० अंशांच्या आसपास यायला पाहिजेत, मंद लाल दिसली पाहिजेत आणि फक्त डोक्याला नाही, खाली पायाच्या टोकापर्यंत. मग कुठे क्रुसिबलमधला, म्हणजे मुशीतला, पोर्शन (थर्मिटचं मिश्रण) पेटवायचा. आतला धातू अडीच हजार अंशांच्या घरात जातो, पण थंड तव्यावर भाकरी टाकली तर जे होतं तेच थंड रुळावर त्या धातूचं होतं, वरून झालेली दिसते आणि आत चिकटलेली नसते. ओतल्यावर चार-पाच मिनिटं मोल्डला हात लावायचा नाही, मग जादा धातू कापायला ट्रिमर, आणि ओतल्यापासून अर्धा तास होईपर्यंत वरून गाडी सोडायची नाही. बेरीज करून बघा.

गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन दर पाच मिनिटांनी. मी मामांना म्हटलं कंट्रोल घाई करतंय, तेव्हा ते गुडघ्यावर बसून रुळाच्या पायाकडे बघत होते, आरसा घेऊन, छोटा दाढीचा आरसा होता त्यांच्याकडे, खालच्या बाजूचा रंग बघायला. मान वर न करता म्हणाले, ‘‘साहेब, डोकं लाल झालंय, पाय अजून काळा आहे. मी ओतत नाही.’’ मी फोनवर तेच शब्द सांगितले. ब्लॉक जवळपास अर्धा तास फुटला, एक मेल गाडी मागे उभी राहिली आणि आम्हा दोघांना लेखी खुलासा मागितला गेला. आम्ही दिला.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर दुसरं टोक. माझी ड्युटी दुसरीकडे लावलेली, वेल्डिंगला दुसरी टीम. काम वेळेत, ब्लॉक वेळेच्या आत परत, कौतुक झालं. त्या टीमचा वेल्डर तरुण पोरगा, चांगला होता, पण आदल्या दिवशी आमचं काय झालं ते त्याने ऐकलं होतं.

जानेवारीत पहाटे थंडीच्या गस्तीवरच्या की-मनला तो दुसरा वेल्ड तुटलेला सापडला. बोट जाईल एवढी फट. त्याने नियमाप्रमाणे ६०० मीटरवर बॅनर झेंडी आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने चाकाखाली वाजणारे तीन फटाके लावून गाडी थांबवली, आणि त्याच्यामुळे ती बातमी पेपरात ‘रुळाला तडा, गाड्या उशिरा’ एवढ्यावर थांबली. त्याचं नाव कोणी छापलं नाही. आम्ही जॉगल प्लेट, म्हणजे वेल्डच्या फुगवट्याला जागा सोडणारी फिशप्लेट, क्लॅम्पने बसवली, गाड्या सरपटत काढल्या आणि नंतर तो तुकडा कापून आणला.

तुकड्याचा तुटलेला भाग मी स्वतः बघितला. वरचा सगळा भाग चकचकीत, दाणेदार, म्हणजे त्या पहाटे तुटलेला. आणि खाली वेब जिथे पायाला मिळतं तिथे काळपट अर्धचंद्र, गंज धरलेला. ती जागा त्या पहाटे तुटलेली नव्हती, ती पहिल्या दिवसापासून जोडलीच गेली नव्हती. पाय गरम नव्हता. चौकशीत वरिष्ठ साहेब म्हणाले, थर्मिट वेल्ड म्हणजे ओतीव काम, त्याचं डिझाइनच कमजोर, वळणावर प्रत्येक वेल्डला कायमच्या जाड प्लेटा लावा, आणि शिवाय वेल्डरचा निष्काळजीपणा. मी विचारलं की मग पलीकडचा, मामांनी केलेला वेल्ड का तुटला नाही? त्याच लॉटचा पोर्शन, तोच रूळ, तेच वळण, तीच थंडी, त्याच गाड्या. दोन्हींत फरक फक्त मिनिटांचा होता. उत्तर मिळालं नाही, रिपोर्टमध्ये मिनिटं आली नाहीत आणि पोराची इन्क्रिमेंट गेली. मामांचा वेल्ड पुढे तो सगळा रूळ बदलेपर्यंत टिकला. एवढ्या वर्षांनी ते साहेब हे वाचत असतील तर त्यांना पुन्हा तोच प्रश्न आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की मजबूत जोडाचं डिझाइन आपल्याकडे आहे, ब्लॉक नाही. हान्स गोल्डश्मिटने थर्मिटचं पेटंट १८९५ मध्ये घेतलं आणि १८९९ मध्ये जर्मनीत एसेनला ट्रामच्या रुळांवर ते वापरलं गेलं. सव्वाशे वर्षं टिकलेली पद्धत ही. आणि वेळ न मागता, न देता रुळाला हात लावला की काय होतं ते ऑगस्ट २०१७ मध्ये खतौलीला दिसलं, उत्कल एक्सप्रेस घसरली, वीसपेक्षा जास्त माणसं गेली, रुळाचं काम चालू होतं आणि ब्लॉक नव्हता. इतकी वर्षं ट्रॅकमन जे सांगत होते ते ऐकायला तेवढी माणसं जावी लागली.

तुम्ही म्हणाल थंडीतच का? सलग वेल्ड केलेला रूळ सरकू शकत नाही म्हणून तापमानाचा सगळा फरक ताण होऊन आत बसतो. ६० किलोच्या रुळात दर अंशाला साधारण १.९ टन. डिस्ट्रेसिंग, म्हणजे रुळातला ताण मोकळा करून तो पक्का बसवणं, ज्या तापमानाला केलं त्यापेक्षा पहाटे ३० अंश खाली गेलं तर ५७ टनांनी एकेक रूळ ताणलेला असतो, आणि वेल्डच्या पायात अर्धचंद्र असेल तर तो तिथेच सुटतो. यात प्लेटेची जाडी कुठे आली सांगा.

खरंच काही सुधारायचं असेल तर जोडाच्या खाली बघा. जोड खचतो तो खालून. वाईट जोडाखालची खडी उकरून बघितली तर ती खडी राहिलेलीच नसते, पांढरट पीठ झालेलं असतं, पावसाळ्यात त्याचा चिखल होतो आणि गाडी गेली की स्लीपरच्या कडेने पिचकारी उडते. जॉइंट स्लीपरचं पॅकिंग (खाली ठासलेली खडी) गेलं की टोक दर चाकाला वाकतं, मग टोक चेपतं, मग दणका वाढतो, मग भोकात तडा. हे चक्र पॅकिंगने तुटतं. पण पॅकिंगवर कोणी पेपर लिहीत नाही.

फ्लॅश बटबद्दल दोन ओळी, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. तो वेल्ड थर्मिटपेक्षा सरस आहे, वाद नाही. विजेने टोकं तापवून एकमेकांत दाबतात, बाहेरचा धातू मध्ये येत नाही, प्रत्येक वेल्डला २५-३० मिलिमीटर रूळ खर्च होतो आणि ताकद मूळ रुळाच्या जवळ जाते. आता कारखान्यातूनच २६० मीटरचे पॅनल येतात आणि मोबाइल प्लांट साइटवर जातात, त्यामुळे थर्मिटचे वेल्ड कमी होत चाललेत. चांगलंच आहे. तरी पॉइंटजवळ, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, आणि तुटलेल्या जागी शेवटी क्रुसिबलच न्यावं लागतं.

एक जोड असा आहे जिथे डिझाइनवाल्यांना अजून खूप काम आहे, तो ग्लूड जॉइंट. सिग्नलच्या ट्रॅक सर्किटसाठी, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते विजेने ओळखायला, दोन रूळ विजेच्या दृष्टीने तोडायचे आणि ताकदीच्या दृष्टीने जोडायचे, दोन्ही एकाच वेळी. मीटरभर लांबीच्या प्लेटा, सहा बोल्ट, मध्ये इपॉक्सी आणि काचेच्या धाग्याचं कापड. चाकांनी रुळाचं टोक चेपून धातूची कोर मधल्या इन्सुलेशनवर सरकली की दोन्ही रूळ विजेने जुळतात, सिग्नल लाल होतो, आणि मुंबई लोकलमध्ये उभा असलेला माणूस ‘सिग्नल बिघाड’ ऐकतो. अ‍ॅक्सल काउंटर (गाडीचे आस मोजणारं यंत्र) आल्यावर बऱ्याच ठिकाणी हा जोड लागतच नाही, पण आहेत तिथे टोकाचा धातू कसा सरकणार नाही, इपॉक्सी पाण्यात कशी टिकेल, यावर प्रोजेक्ट करा. आठ बोल्टांपेक्षा शंभर पटीने कामाचा होईल.

आता काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या. माझा अनुभव ब्रॉडगेजच्या साध्या लाइनचा आहे, मेट्रो किंवा स्लॅब ट्रॅकवर (खडीऐवजी काँक्रीटवर बसवलेल्या रुळांवर) मी काम केलेलं नाही. दोन वेल्डवरून सगळ्या रेल्वेचं सिद्ध होत नाही हेही मला समजतं, वेल्ड इतर कारणांनीही तुटतात, ओला मोल्ड, पोर्शनमध्ये ओल, चुकीची गॅप. आणि आता ऑक्सी-एलपीजीने प्रीहीटिंग दोन-अडीच मिनिटांत होतं, माझ्या काळचा दहा-बारा मिनिटांचा हिशेब सगळीकडे लागू नाही. पण वाचलेली मिनिटं वेल्डरला देतात की ब्लॉकमधून कापतात ते एखाद्या वेल्डरला विचारा.

प्रोजेक्टसाठी रुळावर स्वतःहून जाऊ नका, तो गुन्हाही आहे आणि जिवाचाही प्रश्न आहे. कॉलेजचं पत्र घ्या, जवळच्या सिनियर सेक्शन इंजिनिअरच्या पी-वे ऑफिसात जा आणि म्हणा की स्क्रॅपमधले तुटलेले वेल्ड बघायचे आहेत. बहुतेक ठिकाणी दाखवतात, लोकांना कोणी विचारलं की बरं वाटतं. तुकडा हातात घेतल्यावर आधी पायाकडे बघा, काळा डाग कुठे आहे, केवढा आहे त्याचा फोटो घ्या, माप घ्या. आणि ब्लॉक किती मागितला होता, किती मिळाला, ते त्या वेल्डच्या नोंदीतून काढता आलं तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. तसे दहा-वीस तुकडे झाले तर मला इथेच मेसेज करा, मला ते आकडे बघायचे आहेत.