गुरुजी यूट्यूबवर, संकल्प कुठला?

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. यूट्यूबवरचे गुरुजी लावून गणपती बसवतो आणि दीड दिवसाने बादलीत विसर्जन करतो. ही पूजा देवाला पोचते का? धर्म असाच सुटत जाणार का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सुटत नाही, पण ठरवणारा बदलला आहे. पूर्वी किती दिवस आणि कोणता नैवेद्य हे कुळाचाराने ठरे, आता ज्याचे त्याने ठरवायचे. आधुनिकतेबरोबर धर्म ओसरेल असे १९६० च्या दशकात मांडणारे समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९९९ पर्यंत ते मत जाहीरपणे सोडले होते. आजच्या माणसाला श्रद्धा नुसती वारशाने मिळत नाही, ती निवडावी लागते, हा त्यांचा मुद्दा मात्र टिकला. तुमच्या मुलाने परदेशात राहून निवड केली आहे. त्याला नावे न ठेवता मदत करा. आपल्याकडे मानसपूजासुद्धा मान्य आहे. दीड दिवसाचा गणपती तर कोकणात घरोघरी असतो.

चुका होतात त्या वेगळ्याच. पहिली संकल्पात, म्हणजे पूजेच्या सुरुवातीला स्थळ, काळ आणि नाव-गोत्र सांगून जे म्हणतात त्यात. व्हिडिओतले ‘दण्डकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे’ साताऱ्याला लागू. न्यू जर्सीत तिथल्या देशाचे, गावाचे नाव घ्यावे. व्हिडिओ जुना असेल तर संवत्सर, म्हणजे वर्षाचे नावही चुकते : शके १९४७ विश्वावसु, १९४८ पराभव. म्हणून संकल्पापाशी व्हिडिओ थांबवून, नाव-गोत्रासह कागदावर लिहिलेला आपला संकल्प म्हणावा.

दुसरी तिथीत. गणेश चतुर्थी मध्यान्हव्यापिनी, म्हणजे भर दुपारी असलेली धरतात. २०२५ मध्ये आपल्याकडे ती २७ ऑगस्टला होती, न्यू जर्सीत मात्र भर दुपारी चतुर्थी २६ लाच होती. पंचांग राहत्या गावाचेच पाहावे.

व्हिडिओ आपणहून थांबत नाही, तेव्हा पंचामृत, गंध, अक्षता, जानवे, कापसाची वस्त्रे, विडे आधीच ताटात हवेत. दूर्वा मिळाल्या नाहीत तर त्या जागी अक्षता वाहाव्यात. प्राणप्रतिष्ठेनंतर मूर्ती हलवायची नसते, म्हणून जागा आधी पक्की करावी. सगळ्यात जास्त राहून जाते ती उत्तरपूजा, कारण व्हिडिओ मंत्रपुष्पांजलीला संपतो. विसर्जनाआधी गंध, फूल, नैवेद्य, आरती करून अक्षता वाहाव्यात आणि मूर्ती जागेवरून किंचित सरकवावी.

शाडूची मूर्ती बादलीत विरघळते, प्लास्टरची नाही. विकत घेतानाच विचारावे. उरलेला गाळ बेसिनमध्ये ओतू नये, नळी तुंबते. तो कुंडीत घालावा.

प्रश्न : मुलीचे लग्न स्त्री पुरोहिताने लावले तर कायद्याने चालते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पुरोहित पुरुषच हवा अशी अट नाही. वधू किंवा वराकडच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत, एवढेच त्यात आहे. सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. पुण्यात स्त्रिया कित्येक वर्षे पौरोहित्य करत आहेत. नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते, ती लग्नाच्याच दिवशी मंगल कार्यालयातच घ्या.