युनिकॉर्न की पल्सर : आधी पांदण रस्ता आठवावा

भाऊ, होंडा युनिकॉर्न आणि बजाज पल्सर १५० या दोहोंत मन अडकले असेल, तर शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपल्या वावराकडे जाणारा पांदण रस्ता डोळ्यांपुढे आणावा. युनिकॉर्नचा तळ जमिनीपासून १८७ मिलिमीटर उंच, तर पल्सरचा १६५. हा फरक कागदावर बोटभराचाच वाटतो, परंतु श्रावणात बंडीच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा इंजिनाच्या तळाला घासू लागला की त्याची किंमत कळते. आपल्या काळ्या मातीचे आणखी एक दुखणे म्हणजे ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते. माझ्या जुन्या गाडीचा चिखल मी शंभर-शंभर पावलांवर थांबून पऱ्हाटीच्या काडीने उकरत असे. म्हणून त्या फटीत बोटे घालून जागा किती आहे ते स्वतः पाहावे.

पल्सरचे १४९.५ सीसीचे इंजिन मोकळ्या डांबरी रस्त्यावर चांगले पळते, तर युनिकॉर्नचे १६२.७ सीसीचे इंजिन कमी वेगातही ओढ सोडत नाही, त्यामुळे मागे खताचे पोते असले तरी वारंवार गिअर पाडावे लागत नाहीत. पल्सरची टाकी मात्र १५ लिटरची, म्हणजे दोन लिटर मोठी आहे, आणि पंप दूर असलेल्या गावी ही गोष्ट लहान नाही. मायलेज जाहिरातीवरून ठरवू नये, गावातील वापरणाऱ्यालाच विचारावे. माझा कल युनिकॉर्नकडे आहे. तरीही तालुक्याच्या मेकॅनिककडे कोणत्या गाडीचे क्लच प्लेट आणि ब्रेक शू लगेच मिळतात, हे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नये.