कपारीतल्या नेच्याच्या पाठीवरच्या तपकिरी रेषा

प्रश्न : डोंगर उतरताना सावलीतल्या कातळाच्या फटीत बोटभर लांब पानांचा एक छोटा नेचा दिसला. पानाचा मधला दांडा तारेसारखा काळा, चकचकीत असून दोन्ही बाजूंना गोलसर पर्णिका आहेत. पर्णिकांच्या मागे तपकिरी रेषा आहेत. ही कीड आहे का? नेचा मुळासकट आणून कुंडीत लावला तर जगेल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा अ‍ॅस्प्लेनियम ट्रायकोमॅनिस असावा. दांडा टोकापर्यंत काळसर आहे ना, एवढे मात्र पाहावे. तो बहुतांशी हिरवा असेल, तर ती चुनखडीच्या खडकांत वाढणारी याच कुळातील अ‍ॅस्प्लेनियम विरिडे ही जात समजावी. ट्रायकोमॅनिसच्या पर्णिका गळाल्यावरही नुसते काळे दांडे झुबक्यात तसेच राहतात, ही आणखी एक खूण.

त्या रेषा म्हणजे कीड मुळीच नव्हे. पर्णिकेच्या शिरेलगत बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणू (नेच्याचे बियांऐवजी असणारे सूक्ष्म कण) ज्यांत तयार होतात त्या बारीक पिशव्यांचे, लांबट पुंज असतात आणि कोवळेपणी प्रत्येक पुंजावर एका कडेने चिकटलेला पातळ पापुद्रा असतो. भिंगातून पाहिल्यास तो स्पष्ट दिसतो, आणि हे दृश्य प्रत्येकाने एकदा तरी पाहावेच. प्रत्येक बीजाणुधानीला जाड भिंतींच्या पेशींचे एक कडे असते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतले पाणी उडते, कडे मागे ताणले जाते, बीजाणुधानी फाटते आणि ताण एकदम सुटताच कडे गोफणीसारखे उलटून बीजाणू दूर भिरकावते.

ओलसर फटीत पडलेल्या बीजाणूपासून थेट नेचा उगवत नाही; आधी काही मिलिमीटरचा, हृदयाच्या आकाराचा चपटा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावरील पुंपेशी पाण्याच्या थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जातात, तेव्हाच नवा नेचा जन्मतो. फटीतली ओल आणि सावली त्याला एवढी मोलाची आहे ती यासाठी.

म्हणून तो उपटू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुळे चिंचोळ्या फटीत घट्ट रुतलेली असल्याने ओढताना ती तुटतात, आणि वाचलेले रोप कुंडीतल्या साचलेल्या पाण्याने कुजते. लावायचाच असेल तर, जिथे मनाई नाही अशा ठिकाणाहून, तपकिरी पुंज पिकलेले एकच पान कागदाच्या पाकिटात ठेवावे. काही दिवसांत खाली बारीक तपकिरी धूळ जमेल. ती ओलसर, निर्जंतुक केलेल्या मातीवर भुरभुरावी, वर काच झाकावी आणि काही महिने वाट पाहावी.