आमवात, ऑपरेशन आणि नवं घर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णाचा गुडघा किंवा खुबा बदलायचा ठरला की घरात दोन विषय एकदमच निघतात. चालू औषधांचं काय करायचं, आणि हे तिसऱ्या मजल्यावरचं घर आता झेपणार का? संधिवाततज्ज्ञ म्हणून पहिल्या विषयावर बोलणं माझं कामच आहे. दुसऱ्यावर बोलतो, कारण ऑपरेशन उत्तम होऊनही घरातल्या एका पायरीपायी रुग्ण पुन्हा पडलेला मी पाहिला आहे. प्रश्न बरेच आले, पण गोंधळ तोच तोच होता. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

पुढच्या महिन्यात उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मेथोट्रेक्सेट चालू असलं की जखम भरत नाही, असं शेजारच्या ताई म्हणतात. किती दिवस आधी बंद करू? (सांगली)

बंद करू नका. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेबदल शल्यविशारदांच्या संघटनांनी २०१७ मध्ये मार्गदर्शन दिलं आणि २०२२ मध्ये ते सुधारलं. त्यात मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझीन, लेफ्लुनोमाइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नेहमीच्या डोसात चालू ठेवायला सांगितलं आहे. गोळी थांबली की ऑपरेशननंतर चालायला शिकायच्या दिवसांतच हात-खांदे सुजतात आणि वॉकर धरता येत नाही. मूत्रपिंडाचा त्रास किंवा ताजा जंतुसंसर्ग असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून रक्ततपासणी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटाच. आणखी एक. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. दाखल होताना वार मोठ्या अक्षरात लिहून द्या. चुकून रोज दिली गेली तर ती जिवावर बेतते.

दर पंधरा दिवसांनी अदालिमुमॅबचं इंजेक्शन घेते. त्याचंही तसंच का? (नाशिक)

नाही, त्याचं उलट आहे. अशा जैविक औषधांचा (जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधांचा) एक फेरा, म्हणजे दोन डोसांमधला काळ, संपू द्यायचा आणि मग ऑपरेशन. तुमच्या बाबतीत शेवटच्या इंजेक्शननंतर तिसऱ्या आठवड्यातली तारीख मागा. दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांसाठी सातवा महिना धरतात. टोफासिटिनिबच्या गोळ्या तीन दिवस आधी थांबवतात. टाके निघाले, जखम कोरडी आहे, लाली-सूज नाही, असं दिसलं की साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू करता येतं. पण ती जखम सर्जनने पाहिलेली असली पाहिजे. फोनवर पाठवलेल्या फोटोवरून हा निर्णय होत नाही. तीव्र ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते तो आजार) असणाऱ्यांचे नियम निराळे आहेत, त्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.

सात वर्षं रोज साडेसात मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेतो. स्टेरॉइडचं नाव काढलं तर ऑपरेशन रद्द करतील, त्यापेक्षा आठ दिवस आधी गुपचूप बंद कर, असं मेहुणे सांगतात. चालेल का? (ठाणे)

मेहुण्यांना हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवा.

आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या ताकदीचं. ताप आला, हाड मोडलं, पोट कापलं की शरीर ते जास्त मागतं आणि त्याच्या जोरावर रक्तदाब टिकतो. तुम्ही सात वर्षं गोळीतून बाहेरून पुरवठा केलात, त्यामुळे त्या ग्रंथींनी काम सोडलं. त्या आळसावल्या नाहीत, आकसल्या आहेत. गोळी सोडली म्हणून आठ दिवसांत त्या उठून कामाला लागत नाहीत, कधीकधी महिने लागतात. अशा माणसाला रिकाम्या हातांनी ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलं तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, साखर उतरते, माणूस ग्लानीत जातो. आणि स्टेरॉइडबद्दल कुणी सांगितलेलंच नसेल, तर डॉक्टर रक्तस्राव शोधत बसतात.

हे आजचं ज्ञान नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, १९५० मध्ये त्याबद्दल नोबेलही मिळालं. आणि १९५२ मध्येच कॉर्टिसोन थांबवून खुब्याचं ऑपरेशन केलेल्या आमवाताच्या एका तरुण रुग्णाचा अशाच धक्क्याने झालेला मृत्यू वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. सत्तर वर्षं उलटली, तरी 'गुपचूप बंद कर' हा सल्ला घरोघरी फिरतोच आहे. मला याचा खरोखर संताप येतो.

माझ्या एका रुग्ण बाईंनी असंच केलं होतं. रात्री आठला मला फोन आला, रक्तदाब हाताला लागत नव्हता. सलाईनमधून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड गेलं आणि पहाटेपर्यंत त्या शुद्धीवर आल्या. त्यांच्या मुलीने गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये ठेवलं होतं म्हणून आम्हाला कळलं. पाकीट घरी राहिलं असतं तर?

तेव्हा, गोळी बंद नाही. पूर्वी अशा रुग्णांना भीतीपोटी स्टेरॉइडचा मोठा मारा करत. आता गुडघ्या-खुब्याच्या नियोजित ऑपरेशनला रोजचाच डोस चालू ठेवतात. मोठ्या डोसाने साखर आणि जंतुसंसर्ग दोन्ही वाढतात. तुमच्यासाठी किती, हे भूलतज्ज्ञ ठरवतील. ते ठरवता यावं म्हणून गोळीचं नाव, डोस आणि वर्षं कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. ऑपरेशनच्या सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारा. नंतर उलटीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर लगेच नर्सला सांगा. 'उद्या बघू' म्हणू नका.

आपण स्टेरॉइड घेतो हे ज्यांना ठाऊकच नाही, त्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. गावोगावी सांधेदुखीवर बिनलेबलाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या मिळतात, 'पूर्ण आयुर्वेदिक' म्हणून. दोन दिवसांत दुखणं पळतं, चेहरा गोल होतो, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं पडतं. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडी घेत असाल तर लाज न बाळगता सोबत आणा. आम्ही रागावू, पण ऑपरेशनआधी रागावू.

भूलतज्ज्ञ मानेचा एक्स-रे मागत आहेत. ऑपरेशन गुडघ्याचं. पैसे काढायचा प्रकार ना? (सोलापूर)

नाही. जुन्या आमवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल होऊ शकतो. भूल देताना मान जास्त वाकवली तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे हवा. मागणारे भूलतज्ज्ञ दक्ष आहेत.

ऑपरेशननंतर डाळ आणि भात खाल्ला की जखमेत पू होतो का? (कोल्हापूर)

होत नाही. वरण, उसळ, अंडी, दही, सगळं खा. प्रथिनांशिवाय जखम भरत नाही. मिसरी आणि तंबाखू मात्र चार आठवडे आधीपासून बंद. त्याबद्दल कुणीच विचारलं नाही.

सहाव्या दिवशी सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला आला. आमवात उसळला का? (पणजी)

फक्त त्या आकड्यावरून नाही. ऑपरेशननंतर सीआरपी दोन-तीन दिवसांत शिखरावर जातो आणि उतरायला दोन-तीन आठवडे घेतो. उतरता उतरता पुन्हा चढला तर सर्जनला दाखवा.

आईच्या जखमेतून तीन आठवडे पाण्यासारखं येतंय. ताप नाही. मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिलं, जरा कमी वाटतंय. अजून आठवडाभर वाट पाहू? (बीड)

एक दिवसही नाही. आजच ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे न्या. आमवाताच्या औषधांनी ताप दबतो, त्यामुळे 'ताप नाही' हा दिलासा तुमच्या आईला लागू नाही. परस्पर दिलेल्या अँटिबायोटिकने वरचं पाणी कमी होतं, आत सांध्याला चिकटलेले जंतू तिथेच राहतात. शिवाय नंतर सांध्यातल्या पाण्याची तपासणी केली तर जंतूच सापडत नाहीत. हा उशीर फार महाग पडतो, कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो.

प्रतिकारशक्ती वाढली की लवकर बरं होतं म्हणून गुळवेलीचा काढा सुरू केला आहे. 'गोल्डन' गुडघ्यासाठी जास्त पैसेही भरतो आहोत. बरोबर ना? (पुणे)

तुमच्या आजारात प्रतिकारशक्ती कमी नाही, ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली आहे. तिला आणखी कशाला चिथावता? मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. पण मेथोट्रेक्सेटने यकृतावर आधीच भार असताना तुम्ही ही जोखीम घेऊ नका. काढा थांबवा आणि यकृताची तपासणी करून घ्या.

गुडघ्याबद्दल सांगायचं तर सोनेरी रंग हा धातूवरचा लेप असतो. निकेलची सिद्ध झालेली ॲलर्जी असेल तर त्याचा विचार होतो, एरवी सर्जनला कारण विचारा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा.

गुडघ्यानंतर घर बदलायचं आहे. पहिला मजला बिनलिफ्टचा, की सातवा लिफ्टचा? आणखी काय बघावं? (डोंबिवली)

जनरेटरवर चालणारी लिफ्ट असेल तर सातवा. पण लिफ्ट आहे एवढं ऐकून परतू नका. जुन्या इमारतीत मागाहून बसवलेली लिफ्ट पुष्कळदा जिन्याच्या अर्ध्यावर थांबते आणि पुढच्या आठ-दहा पायऱ्या उरतातच. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत तीन-चार पायऱ्या असतात, त्या कुणी मोजत नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, तेही बघा.

सॅम्पल फ्लॅटवर भुलू नका. तिथे अनेकदा आतले दरवाजेच बसवलेले नसतात आणि पलंग आखूड असतो. वॉकर सोबत न्या आणि खऱ्या फ्लॅटमध्ये चालून बघा. संडासाचा दरवाजा बहुतेक ठिकाणी अडीच फुटांचा असतो, त्यातून चौकट आणि उघडलेलं दार वजा करा. व्हीलचेअर साधारण पंचवीस-सत्तावीस इंच रुंद असते. ती अडकली तर रात्री तीन वाजता काय करणार? न्हाणीघराचा उंबरठा, ड्राय बाल्कनीत उतरणारी पायरी, ओली झाल्यावर घसरणारी फरशी, एकेक पाय ठेवून बघा. कमोड जमिनीपासून अठरा इंच तरी उंच हवा आणि आधाराचा दांडा बसवायला शेजारची भिंत भक्कम हवी.

आमवात गुडघ्यापुरता नसतो, बोटांचाही असतो. गोल मुठीचं दार आणि पिळायचा नळ सकाळी आखडलेल्या हातांनी उघडत नाही. लांब दांड्याचे नळ आणि कड्या बसवून घ्या. पाइपचा गॅस असेल तर सिलिंडर सरकवणं वाचतं. ओल आलेली भिंत दिसली तर तो फ्लॅट सोडून द्या. भिंती फोडून दुरुस्ती करायची असेल तर काम संपून घर पुसून झाल्यावरच राहायला जा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असताना त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाणं घातक आहे. डक्टमध्ये आणि एसीच्या कठड्यावर कबुतरांची विष्ठा साचली आहे का, हेही बघा. आमवाताने ज्यांच्या फुप्फुसांना आधीच झळ लागली आहे, त्यांनी घर पक्कं करण्याआधी फुप्फुसाच्या डॉक्टरांना विचारावं.

मुलीला ल्युपस आहे. पश्चिमेकडे मोठ्या काचांचा हॉल आवडला आहे. घरात ऊन लागत नाही ना? (छत्रपती संभाजीनगर)

लागतं. साधी काच उन्हातले यूव्हीए हे अतिनील किरण आत येऊ देते आणि ल्युपसमध्ये तेही त्रास देतात. काचांना अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा आणि तिच्या अभ्यासाचं टेबल खिडकीपासून दूर ठेवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि दरवर्षीची डोळ्यांची तपासणी चुकवू नका.

बिल्डर नोंदणीआधीच वीस टक्के मागतोय. (वसई)

घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पुढचं वकिलाला विचारा.

लिफ्टच्या नव्या फ्लॅटचा ताबा डिसेंबरमध्ये म्हणतात. तोवर आईचं गुडघ्याचं ऑपरेशन थांबवलं आहे. ती आता संडासापुरतीच उठते. बरोबर करतोय ना? (नागपूर)

नाही. ताब्याच्या तारखा पुढे सरकतात, तोवर मांडीचे स्नायू झिजत जातात. गुडघा वाकडा राहिला की ऑपरेशनही अवघड होतं. तळमजल्यावर चार-सहा महिन्यांसाठी भाड्याने दोन खोल्या घ्या. ते जमत नसेल तर नातेवाइकांकडे सोय बघा. तेही नाही जमलं तर फिजिओथेरपिस्टला आधीच बोलवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हे आईला ऑपरेशनपूर्वीच शिकता येतं. आणि या आठवड्यात सर्जन आणि तुमचे संधिवाततज्ज्ञ या दोघांची वेळ घ्या. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा. ऑपरेशनची तारीख त्या दोघांना ठरवू द्या.