मेंटेनन्समधून टेक्निकल रायटिंगकडे: ‘मला कोण काम देणार?’

करिअर समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणाऱ्यांत नर्स असतात, फार्मा कंपनीच्या क्यूए, म्हणजे गुणवत्ता विभागातल्या मुली असतात, विज्ञानाचे शिक्षक असतात, कारखान्यातले इंजिनिअर असतात. म्हणणं सगळ्यांचं जवळपास एकच: ‘टेक्निकल रायटिंगची (यंत्र किंवा सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देण्याची) फ्रीलान्स कामं करावीशी वाटतात, पण मी त्या लाइनचा नाही, इंग्रजी बेताचं आहे, दाखवायला हातात काही नाही. मला कोण काम देणार?’ याचं उत्तर म्हणून एका गृहस्थांची हकीकत सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

वय चाळिशीच्या पुढे. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघायचे. पाठीचं दुखणं मागे लागलेलं, रात्रपाळी झेपेनाशी झालेली, घराचा हप्ता चालू. कुठूनतरी टेक्निकल रायटिंगबद्दल कळलं आणि त्यांनी पदरचे पैसे घालून सॉफ्टवेअर डॉक्युमेंटेशनचा ऑनलाइन कोर्स घेतला. माझ्याकडे आले तेव्हा पार खचले होते. ‘‘मॅडम, बॅचमधली पोरं कोडिंग करून आलीयत. एपीआय म्हणजे काय हे समजायलाच मला आठवडा लागला. इतकी वर्षं मशीनमध्ये घातली, ती आता गेलीच म्हणायची.’’

त्यांच्या खचण्याचं खरं कारण या शेवटच्या वाक्यात होतं. मी विचारलं, ‘‘तुम्ही सुट्टीवर असताना मशीन बंद पडलं तर?’’

‘‘नेहमीचे फॉल्ट असले तर अडत नाही. काय काय बघायचं ते क्रमाने लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलंय. नवीन पोरगासुद्धा त्यावरून मशीन चालू करतो.’’

मी त्यांना म्हटलं, याच कामाचे लोक पैसे देतात. त्यांना ते पटायला वेळ लागला, आणि साहजिकच होतं. त्या कागदाबद्दल आजवर कोणी त्यांचं कौतुक केलं नव्हतं.

टेक्निकल रायटिंग म्हटलं की आपल्याकडे हिंजवडीच्या आयटी कंपन्या डोळ्यांसमोर येतात. पण भोसरी-चाकण पट्ट्यात एसपीएम, म्हणजे गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे खास मशीन बनवणारे लहान उद्योग आहेत. अशा ठिकाणी मॅन्युअल बहुतेकदा डिस्पॅचच्या तोंडावर, डिझाइनमधल्याच कोणीतरी जुनी फाइल उघडून, मशीनचं नाव बदलून उरकलेलं असतं. मशीन युरोपात जाणार असेल तर हे भागत नाही. तिथे विकायला लागणाऱ्या सीई खुणेसाठी वापराच्या आणि सुरक्षेच्या सूचना नीट लिहिलेल्या लागतात, त्याही ज्या देशात मशीन जाणार त्या देशाच्या भाषेत. युरोपचा यंत्रांविषयीचा नवा नियम जानेवारी २०२७पासून लागू होतोय, त्यातही ही जबाबदारी बनवणाऱ्यावरच आहे. भाषांतर पुढे कोणीही करो, मूळ इंग्रजी मजकूर मशीन कळणाऱ्यानेच लिहायला हवा. या गृहस्थांना मी म्हटलं, सॉफ्टवेअर सध्या बाजूला ठेवा, इथून सुरुवात करा.

पुढच्या भेटीला ते पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात कंपनीच्या सगळ्या एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतींचे कागद. नमुना म्हणून त्या दाखवायच्या होत्या. मी उघडूही दिल्या नाहीत. ते कागद कंपनीचे आहेत, आणि एका कंपनीचे कागद बाहेर दाखवणाऱ्याला दुसरी कंपनी आपले कागद देणार नाही. शिवाय नेमणूकपत्रात बाहेरची कामं घेण्याबद्दल काय अट आहे ते वाचून, एचआरची लेखी परवानगी आधी काढायला सांगितली. नमुन्यासाठी त्यांनी वेगळी वाट शोधली. एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक पॉवर पॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने मशीन चालवणारा संच होता. मित्राला विचारून त्या पॅकची होज (तेलाची नळी) बदलायची पद्धत लिहून काढली.

तो पहिला मसुदा मला नीट आठवतो. मजकूर अचूक होता, पण क्रम असा: पाचवी पायरी, ‘होज सोडा’. सहाव्या पायरीनंतर ठळक अक्षरांत, ‘सावधान: मोटर बंद केल्यावरही अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये प्रेशर राहतं.’ मी मशीनमधली नाही, म्हणून भाबडेपणाने विचारलं, ‘‘एक-एक पायरी वाचत काम करणाऱ्याने हे वाचेपर्यंत होज सुटलेली नसेल का?’’ ते गप्प झाले. प्रेशरखालच्या तेलाने काय इजा होते हे त्यांना चांगलं माहीत होतं. घरी जाऊन त्यांनी सगळं पुन्हा लिहिलं: आधी इशारा, मग प्रेशर उतरवणं, गेजवर शून्य बघणं, आणि मग होजला हात. मग त्यांनी तो कागद वर्कशॉपमधल्या आयटीआयच्या मुलाला दिला आणि स्वतः एक शब्द न बोलता शेजारी उभे राहिले, मुलाचा हात चुकीच्या जागी गेलाच तर थांबवता यावं एवढ्यासाठी. मुलगा जिथे जिथे अडला, तिथे तिथे खूण केली. तसं तीन-चारदा झालं. शेवटचा मसुदा आणि त्याआधीचे खुणांचे कागद, एवढाच त्यांचा पोर्टफोलिओ. आठ नमुन्यांपेक्षा असा एक मला जास्त मोलाचा वाटतो.

इंग्रजीबद्दल. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी १९८०च्या दशकात साध्या इंग्रजीचे नियम तयार झाले, ते आज एएसडी-एसटीई१०० नावाने चालतात. कारण हेच, की वाचणाऱ्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. एका वाक्यात एक सूचना, कृतीचं वाक्य वीस शब्दांच्या आत, ठरलेले शब्द ठरलेल्या अर्थानेच. शाळेत निबंधाला कमी मार्क मिळाले म्हणून जे घाबरतात, त्यांनी हे नियम जरूर वाचावेत. गुगलचे टेक्निकल रायटिंगचे मोफत धडेही वाक्यं सुधारायला चांगले आहेत.

‘आता एआय लिहितं, मग आमचं काय?’ हेही त्यांनी विचारलं. चिंता खोटी नाही. नुसती भाषा घासूनपुसून देण्याच्या कामाला फटका बसतोय. पण या मशीनचा ड्रेन कॉक मागच्या बाजूला आहे आणि तिथे हात पोचत नाही, हे मशीनपुढे उभं राहिलेल्यालाच कळतं.

पैशाचं बोलणं त्यांना सगळ्यात अवघड गेलं. पानावर दर लावू नका, असं मी सांगितलं. मजकूर आटोपशीर करणं हेच तर काम आहे, पानं कमी झाली म्हणून पैसे का कमी व्हावेत? पूर्ण कामाचा आकडा, थोडा अ‍ॅडव्हान्स, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, आणि तांत्रिक मजकूर तपासून सही कोण करणार, हे सगळं ई-मेलवर. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत होते. ती असली की एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. पहिल्या गिऱ्हाइकाने त्यांना बरंच ताटकळवलं, तेव्हा ही नोंदणी आठवण करून द्यायला उपयोगी पडली.

ते पहिलं काम ओळखीतून आलं होतं, एका टेस्टिंग मशीनचं मॅन्युअल. दुसरं त्याच माणसाच्या शब्दावर. नोकरी मात्र त्यांनी सोडलेली नाही. रात्रपाळी टाळून जनरल शिफ्ट मागून घेतली, लिखाण शनिवार-रविवारी. मागच्या भेटीत बायकोलाही घेऊन आले होते. हप्ता फिटेपर्यंत आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा पडेपर्यंत राजीनामा नाही, असं दोघांनी वहीत लिहूनच आणलं होतं, आणि मी त्यात काहीही बदल सुचवला नाही.