डिक्रेपिटेशन: जीर्ण, ठिसूळ की तडकलेले?

विचारणा अशी आहे: विजेच्या मोटारींत वापरल्या जाणाऱ्या निओडिमियम चुंबकांवरचा एक लेख मराठीत आणताना ‘हायड्रोजन डिक्रेपिटेशन’ (हायड्रोजन आत घालून धातूचा भुगा करण्याची प्रक्रिया) हा शब्द आला. कोशात पाहिले तर ‘डिक्रेपिट’ म्हणजे जराजर्जर, म्हणून ‘हायड्रोजन-जीर्णन’ असा शब्द केला. संपादकांनी तो बदलून ‘हायड्रोजन-ठिसूळपणा’ केला. दोन्हींपैकी बरोबर कोणता?

माझ्या मते दोन्ही नकोत. त्यातही ‘ठिसूळपणा’ जास्त घातक, कारण तो वाचकाला वेगळ्याच विषयात नेऊन सोडतो.

आधी ‘जीर्णन’. इंग्रजीतल्या ‘डिक्रेपिट’ आणि ‘डिक्रेपिटेशन’ या दोन्ही शब्दांचे मूळ लॅटिनमधल्या ‘क्रेपारे’ या धातूत आहे, आणि त्याचा अर्थ कडकड किंवा तडतड आवाज करणे. म्हाताऱ्या माणसाला लागणारे विशेषण त्याच मुळापासून फुटले, पण रसायनशास्त्राने घेतला तो अर्थ आवाजाचा. मीठ किंवा लेड नायट्रेट परीक्षानळीत तापवले की तडतडते. स्फटिकांत अडकलेल्या द्रावाची वाफ होते आणि ती स्फटिक फोडून बाहेर पडते. प्रयोगशाळेत क्षार ओळखताना ही तडतड खूण म्हणून नोंदवतात. म्हातारपणाशी तिचा संबंध नाही.

आता ‘ठिसूळपणा’. पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होते, ही गोष्ट डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. तिथे हायड्रोजन दशलक्षात काही भाग इतका थोडा असला तरी पुरतो, आणि वरून धडधाकट दिसणारा बोल्ट ताणाखाली एके दिवशी अचानक तुटतो. हा दोष आहे आणि तो टाळण्यासाठी अभियंते धडपडतात. इंग्रजीत त्याला ‘एम्ब्रिटलमेंट’ म्हणतात आणि मराठीत ‘ठिसूळपणा’ हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवणेच योग्य.

चुंबकाच्या कारखान्यात मात्र हायड्रोजन मुद्दाम आणि भरपूर आत घालतात. निओडिमियम चुंबकाच्या मुख्य संयुगात निओडिमियमचे २, लोहाचे १४ आणि बोरॉनचा १ अणू असतो. संमिश्र ओतले की या संयुगाचे स्फटिककण तयार होतात आणि कणांच्या मधल्या फटींत निओडिमियमने समृद्ध असा पातळ थर राहतो. साध्या तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाच्या आसपासही हायड्रोजन दिला की पहिल्यांदा तो या थरात शिरतो. पृष्ठभागावर रेणूचे दोन अणू सुटे होतात, अणू आत सरकतात आणि निओडिमियमचे हायड्राइड, म्हणजे हायड्रोजनशी झालेले संयुग, बनते. त्यात बरीच उष्णता बाहेर पडते आणि थर १५ टक्क्यांहून जास्त फुगतो. मग मुख्य संयुगातल्या अणूंच्या जाळीतही हायड्रोजन जाऊन बसतो. तिथली फूग सुमारे ५ टक्के असते. फुगवटा सगळीकडे सारखा नाही आणि पदार्थ मुळातच ताण न सोसणारा, त्यामुळे कणांच्या सीमांवरून आणि कणांच्या आरपार भेगा जातात. ओतलेल्या टणक लगडीचा हातानेही चुरडता येईल असा भुगा होतो.

बाहेरून कोणी घाव घातलेला नाही, आतून फुगून फुटले. आपल्याकडे डाळिंबाच्या बागेत हेच होते: पाण्याचा ताण बसल्यावर एकदम पाणी मिळाले की दाणे फुगतात, सालीला तेवढे ताणता येत नाही आणि फळ उलते. सांगोला-आटपाडीकडचे शेतकरी ‘फळ तडकले’ म्हणतात. म्हणून माझी पसंती ‘तडकणे’ला. मीठ तडतडते आणि धातू तडकतो: ‘तड’ या एकाच ध्वनीतून निघालेल्या दोन क्रियापदांनी रसायनशास्त्रातला जुना अर्थ आणि धातुशास्त्रातला नवा अर्थ दोन्ही सांभाळले जातात. लॅटिननेही आवाजापासूनच सुरुवात केली होती, तेव्हा हा काही ओढूनताणून जमवलेला मेळ नाही.

एक अडचण आहे. ‘तडकणे’ अकर्मक आहे. त्याचे प्रयोजक रूप करू गेलो तर ‘तडकावणे’ समोर येते, आणि त्याचा अर्थ थोबाडीत देणे. म्हणून कर्ता कारखानदार असेल तिथे मी दोन क्रियापदे वापरेन: ‘संमिश्रात हायड्रोजन मुरवून त्याचा भुगा करतात.’ ‘मुरवणे’ मला इथे फार आवडते. ‘अधिशोषण’ म्हणजे नुसते पृष्ठभागावर चिकटणे. इथे वायू आतपर्यंत जातो, तेव्हा तो शब्द चालणार नाही. ‘शोषण’ चालेल, पण ‘मुरणे’ म्हटल्यावर हळूहळू खोल जाणे आपोआप समजते.

‘भंजन’ही सुचवला जाईल. शब्द देखणा आहे, पण खनिज तेलाच्या शुद्धीकरणात मोठ्या रेणूंचे तुकडे करण्याला तो वापरला जातो. इथे रेणू मोडायचा नाही, लगड मोडायची आहे.

या प्रक्रियेचा इतिहास माहीत असला तर शब्द निवडणे सोपे जाते. हॉलंडमधल्या आइंडहोव्हन इथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत झायल्स्ट्रा आणि वेस्टेनडॉर्प यांनी १९६९ मध्ये समेरियम-कोबाल्ट चुंबकात हायड्रोजन मुरतो आणि चुंबकाचा कणखरपणा, म्हणजे चुंबकत्व टिकवून धरण्याची ताकद, त्यामुळे घटतो हे दाखवले. त्याच प्रयोगशाळेत पुढे लॅन्थॅनम-निकेल या हायड्रोजन मुरवणाऱ्या संमिश्रावर काम झाले आणि निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीची वाट त्यातून निघाली. चुंबकाचा दोष शोधताना बॅटरीचे द्रव्य हाती लागावे, हे मला अजूनही विलक्षण वाटते. बर्मिंगहॅम विद्यापीठात रेक्स हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तो दोष थेट कामाला लावला. निओडिमियम संमिश्राच्या अशा तडकण्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९८५ चा, म्हणजे हे चुंबक जगापुढे आल्यानंतर लगेचचा. आज भुगा जेट मिलमध्ये, म्हणजे वायूच्या वेगवान झोतात दळणाऱ्या यंत्रात, आणखी बारीक, काही मायक्रोमीटरचा करतात, चुंबकक्षेत्रात दाबतात आणि १,००० अंश सेल्सिअसच्या वर तापवून एकसंध करतात. तापवतानाच हायड्रोजन निघून जातो.

जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक परत मिळवायलाही हीच युक्ती वापरतात. चुंबकाचा भुगा होतो, वरचा निकेलचा मुलामा पापुद्र्यांसारखा सुटतो आणि चाळून वेगळा करता येतो. मुरलेल्या हायड्रोजनमुळे भुग्याचे चुंबकत्व गेलेले असते, म्हणून तो पोलादी भागांना चिकटून बसत नाही.

याच विषयात तुम्हाला ‘एचडीडीआर’ हे लघुरूपही भेटेल. ती वेगळी प्रक्रिया आहे, तिला ‘तडकणे’ लावू नका. तिथे ८०० अंशांच्या आसपास हायड्रोजन दिला की मुख्य संयुगच फुटून निओडिमियम हायड्राइड, लोह आणि लोहाचे बोराइड असे तीन पदार्थ होतात. निर्वातात हायड्रोजन काढून घेतला की ते पुन्हा जुळतात, पण आता कण कितीतरी बारीक झालेले असतात. ‘मुरणे, विलगणे, निघणे, जुळणे’ एवढ्या चार क्रियापदांत ती सांगून होते.

तुमच्या लेखात पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘हायड्रोजनमुळे तडकणे, म्हणजे डिक्रेपिटेशन’ असे लिहा. पुढे नुसते ‘तडकणे’ पुरेल. तक्त्यात नामच हवे असेल तर ‘हायड्रोजन-तडकण’ लिहा, आणि संपादकांनी हरकत घेतली तर पोलादाच्या बोल्टचे उदाहरण त्यांना जरूर सांगा.